दादाच्या बेसला मऊ तारा

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. वाद्यदुरुस्तीच्या दुकानात पस्तीस वर्षं बसल्यावर कुणाचंही होईल. लोक गिटार उन्हात बंद गाडीत ठेवतात, तिची मान वाकडी करून आणतात आणि वर मलाच विचारतात, "ताई, असं कसं झालं हो?" मी म्हणते, "तुम्हाला चार तास तसंच कोंडून बघू या का, कसं होतं ते?" तरी येतात बिचारे. दुसरीकडे कुणी धड करून देत नाही म्हणून येतात, माझ्या गोड बोलण्यासाठी नाही.

तर दादा. माझा सख्खा मोठा भाऊ, सहा वर्षांनी मोठा, म्हणजे आता एकसष्टचा. नोकरीभर पाण्याच्या मीटरच्या ऑफिसात कारकून होता, पण ती नोकरी त्याने पावसात छत्री धरावी तशी धरली. खरा माणूस शनिवार-रविवारी संध्याकाळी सात वाजता सुरू व्हायचा. एका मोठ्या हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये चौघांचा बँड आहे. कीबोर्डवर मास्तर, तेच बँडचे मालक. एक गाणारी, एक ड्रमवाला आणि मागे उभा राहून बेस गिटार वाजवणारा दादा. चौतीस वर्षं तोच, तीच जागा, तोच काळा कोट, फक्त कोटाचं माप तीनदा बदललं.

बेसवाल्याकडे कुणी बघत नाही. गाणारीकडे बघतात, ड्रमवाल्याच्या काठ्यांकडे बघतात. पण बेस थांबला, की जेवणारी माणसं घास हातात धरून इकडेतिकडे बघायला लागतात, काय बिघडलं ते त्यांना कळत नाही. दादाला हे फार आवडायचं. एकदा एका छोट्या मुलीने त्याला विचारलं होतं, "काका, तुमच्या गिटारला दोन तारा कमी कशा?" दादा म्हणाला, "महागाई, बाळ." हा विनोद त्याने आम्हाला किमान पन्नास वेळा सांगितला असेल, आणि वहिनी दर वेळी म्हणायची, "झालं? आता जेवा."

मंगळवारी माझं दुकान बंद असतं. गेल्या वर्षी अशाच एका मंगळवारी दादा मागच्या दाराने आला आणि बेस टेबलावर ठेवून म्हणाला, "तारा बदल."

"दोन महिन्यांपूर्वी तर बदलल्या. चावतोस की काय त्यांना?"

"मऊ टाक."

तेव्हा मी त्याचा हात बघितला. डाव्या हाताच्या बोटांचे सांधे सुजून बोराएवढे झाले होते. अंगठ्याच्या मुळाशी गाठ आलेली. मी हात ओढून धरला तर त्याने झटकन मागे घेतला, आणि झटकताना त्याचा चेहरा असा झाला की मी आपली बेस उचलून दिव्याखाली घेतला. नंतर वहिनीकडून कळलं, त्याच्या शर्टाची बटणं सहा महिने तीच लावत होती. "वन्सं, तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती," ती म्हणाली. अरे, मी काय परकी आहे का? मला इतका राग आला की मी दोन दिवस दोघांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काय सांगितलं ते विचारलं. सांध्यांचा आजार. औषधाने वेग कमी होईल, मागे फिरणार नाही. आणि हाताला ताण नको.

"बेसचं सांगितलंस का त्यांना?"

"ते म्हणाले, छंद बदला."

त्याहून वाईट म्हणजे मास्तर. माणूस वाईट नाही, उगाच का म्हणा. पण त्यांना ऐकू येत होतं. दादाचे सूर उशिरा पडत होते, काही पडतच नव्हते. एका रविवारी सामान आवरताना ते दादाला म्हणाले, "हॉटेलशी नवा करार वर्षअखेरीला होईल. तोवर सावरा. नाहीतर बेस मी माझ्या डाव्या हाताने काढतो, कीबोर्डवर जमतं ते." जमतं, हे खरंच आहे. हल्ली निम्मे बँड तसंच करतात. डाव्या हाताला बेस, उजव्या हाताला बाकीचं. एक माणूस वाचतो.

"म्हणजे मला काढतील," दादा म्हणाला. "काढलं तर मी करू काय गं? घरात बसून भिंती मोजू?" आणि हसला. मला तेव्हाच रडू आलं होतं. पण मी म्हटलं, "उगाच सूर लावू नकोस. मी आहे ना."

मी आहे ना! काय ती माझी मिजास.

आता थोडं तारांबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बेसच्या चार तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ओढा ऐंशी किलोच्या आसपास असतो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या मानेला रात्रंदिवस लटकलेला आहे असं समजा. बोटाने तार दाबायची म्हणजे त्या ओढ्याशी झुंजायचं. काही कारखाने कमी ओढ्याच्या तारा काढतात, बासष्ट-पासष्ट किलोच्या. त्याच सुराला लागतात, पण बोटाखाली ऐकतात. सांधे दुखणाऱ्यांसाठी तोच एक उपाय.

मला हे सगळं पाठ होतं. आणि तरी मी काय केलं? दुकानात चपट्या वेष्टनाच्या तारांचं एक पाकीट पडलं होतं. नेहमीच्या तारा कानशीसारख्या खरखरीत असतात, या हाताला रेशमासारख्या गुळगुळीत. मी बोट फिरवलं आणि म्हटलं, "बघ, किती मऊ." लगेच चढवल्या. घाई मला फार. पाकिटाच्या मागे प्रत्येक तारेचा ओढा छापलेला असतो, तो बघितला नाही. जी गोष्ट मी गिऱ्हाइकांना ओरडून ओरडून सांगते, की गुळगुळीत म्हणजे मऊ नव्हे, तीच चूक मी सख्ख्या भावाच्या हातावर केली.

दोन आठवड्यांनी दादा आला. हात रुमालात गुंडाळलेला.

"कशा आहेत?"

"छान आहेत. पण माझाच हात आणखी बिघडलाय वाटतं."

मी कचऱ्याच्या डब्यातून ते पाकीट शोधून काढलं. चार आकड्यांची बेरीज केली. सत्त्याऐंशी किलो. काढल्या त्यापेक्षा जड. चार कार्यक्रम त्याने त्या वाजवल्या होत्या, दात आवळून, आणि बहिणीने मऊ म्हटलंय म्हणून दोष स्वतःच्या हाताला देत होता. कपाळ माझं! मी ते पाकीट फाडून फाडून त्याचे पोह्याएवढे तुकडे केले. दादा म्हणाला, "अगं असू दे, होतं असं." त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग मी शहाण्यासारखी वागले. तीन कारखान्यांचे आकडे मागवले, वहीत मांडले. एकाच्या तारा सापडल्या, आतला गाभा बारीक आणि गोल, ओढा सगळा मिळून बासष्ट किलो. त्या यायला तीन आठवडे लागले. चढवल्यावर बेसची मान मागे झुकली, कारण पंचवीस किलो ओढा अचानक गेला. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ती सैल केली आणि दोन दिवस बेस तसाच बसू दिला. तिसऱ्या दिवशी दादा आला, खुर्चीवर बसला, हळूच बोट ठेवलं.

तार लगेच खाली गेली.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग दुसरा सूर, मग तिसरा. मग पूर्ण गाणं, सावकाश, डोळे मिटून. वहिनीही त्याच्याबरोबर आली होती, ती तोंडाला पदर लावून दाराबाहेर गेली. मी आपली उगाच पान्हे पुसत बसले. त्या दिवशी आम्हा तिघांना वाटलं, जमलं. मी तर मनातल्या मनात मास्तरांना काय काय ऐकवायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं.

पण आम्ही ते ऐकलं होतं बंद दुकानात. खुर्चीवर बसून, शांतपणे, शेजारी ड्रमवाला नसताना.

शनिवारी दादा उभा राहिला, ड्रमवाल्याने काठ्या आपटल्या, आणि दादाचा उजवा हात चौतीस वर्षं पडायचा तसा पडला. त्याचा उजवा हात म्हणजे घण. त्यांच्या पहिल्या बँडकडे आवाज मोठा करायला धड अँप नव्हता, आवाज बोटांनी काढावा लागायचा, तेव्हाची सवय. त्या मऊ तारा बिचाऱ्या एवढा मार कुठल्या सोसणार? हेलकावे खाऊन मानेवरच्या पट्ट्यांवर आपटायला लागल्या. प्रत्येक सुरामागे खडखड, आणि सूर चढून बेसूर. दादाने मंगळवारी एवढंच सांगितलं, "जरा खडखडतायत."

खडखड घालवायची तर तारा मानेपासून उंच करायच्या. उंच केल्या तर दाबायला जास्त जोर. म्हणजे मऊ तारांनी जे कमावलं ते परत द्यायचं. इकडे आड, तिकडे विहीर. मी केसाएवढी उंची वाढवून बघितली, केसाएवढी कमी करून बघितली. एक दिवसात नऊ वेळा. शेवटी पान्हा टेबलावर आपटला आणि म्हटलं, "आता तारा बदलणार नाहीत. आता तू बदलायचंस."

"या वयात?"

"मग काय पुढच्या वयात?"

उपाय साधा होता. अँपचा आवाज वाढवायचा आणि हात हलका करायचा. तारेला मारायचं नाही, नुसतं गोंजारायचं. दर मंगळवारी दुपारी दोन ते चार आमची शाळा सुरू झाली. तो वाजवायचा, मी समोर फडकं घेऊन बसायची आणि हात जड पडला की मनगटावर फटका. लहानपणी त्याने माझा अभ्यास असाच घेतला होता, फक्त तेव्हा पट्टी होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसंच. पाच मिनिटं हलका, मग गाण्यात रमला की घण. "दादा!" "हो हो." परत पाच मिनिटं. वहिनी चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "मारा मारा वन्सं, माझ्याही वाटणीचा एक मारा."

सातव्या-आठव्या मंगळवारी ते आलं. अख्खं गाणं, एकही खडखड नाही, डावा हात सैल, उजवा हात पिसासारखा. त्याने संपवलं आणि बघतच राहिला आपल्या हाताकडे. मी विचारलं, "हॉलमध्ये कसं होतंय?" तो म्हणाला, "होतंय." मी विचारलं, "मास्तर काय म्हणाले?" तो म्हणाला, "काही नाही म्हणाले." मास्तर काही बोलत नाहीत म्हणजे सगळं ठीक असंच मी धरलं. मला धरायचंच होतं ना.

वर्षअखेरीला तीन आठवडे उरले होते. एका शनिवारी न सांगता मी हॉटेलात गेले. ठेवणीतली साडी नेसून, कोपऱ्यातलं टेबल धरून. एक सूप मागवलं, कारण बाकी सगळ्याची किंमत बघून घाम आला. सातला सुरू झालं. आणि काय सांगू, पहिल्या गाण्यापासून बेस असा गोल, असा स्वच्छ, एकेक सूर जागच्या जागी. कुठे उशीर नाही, कुठे खडखड नाही. मागे दादा उभा, खांदे सैल, हात कसा अलगद चाललेला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?" मी म्हटलं, "तो माझा भाऊ आहे हो. मागचा." आणि मी भर हॉलमध्ये हुंदके देऊन रडले. सूप निवून त्यावर साय आली.

मध्यंतरात मी तरातरा स्टेजपाशी गेले. दादा मला बघून दचकला. मी त्याचा अँप बघत होते, आवाज कितीवर ठेवलाय ते बघावं म्हणून. त्याचा लाल दिवा बंद होता.

"अरे, याचा दिवा गेला की काय?"

मास्तर पाण्याचा ग्लास घेऊन दुसरीकडे वळले. ड्रमवाला खाली बघून काठ्या पुसायला लागला. दादाने माझं कोपर धरलं आणि मागच्या दाराने बाहेर नेलं, जिथे स्वयंपाकघराचे रिकामे क्रेट रचून ठेवतात. तिथे एका क्रेटवर तो बसला.

"दिवा गेलेला नाही," तो म्हणाला. "मी लावतच नाही."

"म्हणजे?"

"ती खडखड झाली ना पहिल्या शनिवारी, तेव्हा गाणारी मध्येच थांबली. चौतीस वर्षांत माझ्यामुळे कुणी थांबलं नव्हतं. मास्तर काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी मीच अँप बंद ठेवला. दोन ओळींत मास्तरांचा डावा हात खाली आला. तेव्हापासून असंच."

"मग उभा कशाला राहतोस?"

"करारात चार जण लिहिलेत. चार दिसायला पाहिजेत."

मी ज्या आवाजावर रडले तो कीबोर्डचा होता. ज्या कानाच्या जोरावर मी पस्तीस वर्षं लोकांना झापत आले, त्या कानाला बटण दाबून काढलेला सूर आणि माझ्या हाताने चढवलेली तार यांतला फरक कळला नव्हता. कळून घ्यायचा नव्हता म्हणून कळला नाही. मला मास्तरांचा राग आला, मग दादाचा, मग वाटलं ते सगळे क्रेट लाथेने पाडावेत.

"अरे मग दर मंगळवारी माझ्याकडे कशाला येत होतास? फटके खायला? दोन दोन महिने मला वेडी बनवलंस?"

तो उठला. आत जायची वेळ झाली होती. कोटाची बाही झटकली आणि म्हणाला, "तिथे वाजतं ना गं."

दुसरा भाग सुरू झाला तेव्हा मी आत गेले नाही. बाहेरूनही बेस ऐकू येत होता.

नव्या करारात तीन नावं आली. मास्तरांनी स्वतः घरी येऊन सांगितलं, एवढी माणुसकी त्यांनी दाखवली. वहिनीने त्यांना चहाही विचारला नाही. आपलेच दात आपलेच ओठ म्हणावं तर ते आपले तरी कुठे होते. काळा कोट हॉटेलचा होता, तो इस्त्री करून परत पाठवला.

दादा मंगळवारी येतो. अजूनही येतो. या वर्षात हात पुष्कळ गेला. अंगठा वाकत नाही, चौथं बोट उचलत नाही. मार्चमध्ये तो म्हणाला, "याहून मऊ मिळतील का गं?" बासष्ट किलोच्या खाली कुणी बनवत नाही, हे मला वहीभर माहीत होतं. मी म्हटलं, "मिळतील. मागवते."

मागवायचं काय? तो यायच्या आधी मी चारही तारा अर्ध्या सुराने उतरवल्या. अर्धा सूर उतरवला की प्रत्येक तारेमागे दीड-दोन किलो ओढा कमी होतो. बँडबरोबर असं करता येत नाही, बाकीच्यांशी सूर जुळत नाही. पण दुकानात जुळवायला आहे कोण? तो आला, वाजवलं, म्हणाला, "या बऱ्या आहेत." एप्रिलमध्ये मी आणखी अर्धा सूर उतरवला. मग आणखी. त्याच त्या तारा, दर वेळी "नव्या". चौतीस वर्षं बेस वाजवलेल्या माणसाला गाणं इतकं खाली गेल्याचं कळत नसेल, असं मला वाटत नाही. तो विचारत नाही. मी सांगत नाही. माझ्यासारखी तोंडाळ बाई सांगत नाही, म्हणजे बघा.

काल मंगळवार होता. तारा आता इतक्या सैल झाल्यात की फुंकर घातली तरी हलतील. त्याने तेच जुनं गाणं धरलं. जाड तारेतून सूर असा निघतच नाही, नुसतं धप धप होतं. पातळ तार थोडीफार बोलते. तो डोळे मिटून शेवटपर्यंत गेला, एकही जागा न चुकता, आणि मग बोटं पसरून मांडीवर ठेवली.

"आज दुखलं नाही," तो म्हणाला. "कसं वाजलं?"

"छान वाजलं, दादा," मी म्हटलं.